फखरूआपाची ट्राउट

कर्र्र.

पाण्याचा टँकर येऊन गेला होता, भांडी घासून झाली होती आणि बानू एकदाची झोपली होती. आखातातल्या फहाहीलच्या त्या गल्लीत दुपारी अशी शांतता पसरायची की असमाला स्वतःच्या बांगड्यांचाही धाक वाटे. हात हलला की मुलगी जागी. म्हणून बानूचं डोकं मांडीवर घेऊन, एका हाताने तिच्या केसांतली रेती हलकेच काढत आणि दुसरा हात अधांतरी धरून ती बसली होती. नेमका तेव्हाच भिंतीपलीकडून आवाज आला. कर्र्र. मग जरा थांबून, चवीने, पुन्हा एकदा. कर्र्र्र.

हा आवाज उंदराचा नव्हता. उंदराचा असता तर असमाला आनंदच झाला असता, कारण तो शेजारच्या घरात निघाला असता. हा आवाज कमालभाईंच्या रिळाचा होता. गळाच्या काठीला जे पितळी चाक असतं, ज्याच्यावर दोरी गुंडाळतात, ते रीळ. त्यांची बायको, शेजारची फखरुन्निसा, म्हणजे फखरूआपा, ते रोज दुपारी कपाटातून काढायची, फडक्याने पुसायची, तेलाचा थेंब सोडायची आणि फिरवून बघायची. रीळ आजवर एकदाच लागलं होतं. पण ते आपल्या घरी आहे हे भिंतीपलीकडे रोज कळायला नको का?

कमालभाई आणि असमाचा नवरा अशरफ, दोघेही अहमदीला तेलकंपनीच्या एकाच खात्यात, समोरासमोरच्या टेबलांवर, एकाच कोलमन साहेबाच्या हाताखाली. कोलमन साहेब माणूस म्हणून वाईट नव्हता, फक्त हिवाळा आला की त्याला काहीतरी व्हायचं. नाताळची रजा लागली की तो विमानाने लेबनॉनला जाई, तिथल्या डोंगरात एका नदीत मांडीपर्यंत बर्फाच्या पाण्यात उभा राही आणि पिसांची खोटी माशी दोरीला बांधून ट्राउट नावाचा मासा धरी. बरोबर खात्यातला एखादा माणूस न्यायचा, कुटुंबासकट, असा त्याचा रिवाज होता. गेल्या हिवाळ्यात त्याने कमालभाईंना नेलं.

तेव्हापासून फखरूआपाच्या बैठकीच्या खोलीत, दार उघडलं की पहिली नजर जाईल अशा जागी, एक फोटो लागला. फोटोत कमालभाई रबराच्या विजारीत उभे होते आणि त्यांच्या दोन्ही हातांत एक मासा होता. मासा बरा होता. तेवढा मासा असमाच्या माहेरी मांजराला टाकताना कुणी मागे वळून पाहत नसे, पण ते जाऊ दे.

फोटोचं एक वेळ सोसलं असतं. बोलण्याचं सोसवेना. बारशाला, मौलूदला, मेंदीला, कुणाच्या बाळंतपणाला, जिथे चार बायका जमतील तिथे फखरूआपा खुर्चीला टेकून म्हणायची, "तिथलं पाणी म्हणजे काय सांगू गो, बोट बुडवलं तर बोट आपलं राहत नाही. कमाल आपले नदीत, आणि मी काठावर खुर्चीत. हातात कॉफी." एकदा असमाने सरंगा तळून ताटली भरून पाठवली, तर ताटली परत करताना म्हणाली, "चांगला होता हो. पण एकदा ट्राउट खाल्ली ना, की मग हे सगळं जरा जाडंभरडं लागतं."

आता असमा जयगडची. दाराशी होडी लागायची आणि आजी ओट्यावरूनच भाव पाडायची, अशा घरातली. आणि फखरूआपा महाडची. महाडला मासा पोचतो तो प्रवासाने दमून. त्या महाडच्या बाईने जयगडच्या मुलीला सरंग्याबद्दल ऐकवावं?

असमाला मत्सर वाटतोय असं कुणी म्हटलं असतं तर तिला फार राग आला असता. तिला मत्सर वगैरे काही वाटत नव्हता. फक्त जेवण जात नव्हतं.

त्या दिवशी अशरफ कामावरून आला, चहा घेतला, रेडिओचा कान पिळायला उठला तेव्हा तिने सहज विचारावं तसं विचारलं, "या वर्षी साहेब कुणाला नेणार म्हणे?"

"परीक्षा घेणार आहे. बंगल्यापुढच्या हिरवळीवर टायर ठेवणार. ज्याची दोरी टायरात पडेल तो."

"मग तुम्ही टाका."

"काय?"

"दोरी."

अशरफने रेडिओ सोडला. "असमा, मला सुईत दोरा ओवता येत नाही. तूच ओवून देतेस."

"सुई लहान असते," असमा म्हणाली. "टायर केवढं मोठं असतं."

अशरफ हा भांडणाला कंटाळणारा माणूस होता. शुक्रवारी दुपारी झोपणे हा त्याचा एकमेव छंद, आणि त्यातही तो पटाईत नव्हता, कारण बानू त्याच्या पोटावर चढून बसे. दुसऱ्या दिवशी तो साहेबाकडून सरावासाठी एक जुनी बांबूची काठी घेऊन आला. बसमधून. काठी खिडकीबाहेर काढावी लागली, आणि अहमदीपासून फहाहीलपर्यंत सगळ्या बसने त्याला एकेक सूचना केली.

सराव गच्चीवर सुरू झाला. साहेबाने सांगितलं होतं की कोपर बरगडीपासून सुटू द्यायचं नाही, काखेत एक पुस्तक धरायचं, पुस्तक पडलं तर हात चुकला. घरात जे एक पुस्तक होतं ते काखेत धरण्यासारखं नव्हतं. असमाने विचार केला आणि ताज्या खबूसची, म्हणजे तिथल्या अरबी रोटीची, चार पदरी घडी करून नवऱ्याच्या काखेत दिली. पहिल्या दिवशी खबूस इतक्या वेळा पडली की शेवटी ती गल्लीतल्या बकरीला गेली. दुसऱ्या दिवशीपासून बकरी संध्याकाळची जिन्याखाली येऊन उभी राहू लागली.

दोरी पुढे टाकायची तर आधी मागे जावी लागते, आणि अशरफची दोरी मागे कुठे जाईल हे फक्त अल्लाला ठाऊक. एकदा ती अँटेनाला अडकली. एकदा त्याच्या स्वतःच्याच कॉलरला. आणि एकदा कठड्यावरून पलीकडे जाऊन फखरूआपाने वाळत घातलेल्या जांभळ्या सलवारीला. अशरफ सभ्य माणूस, त्याने डोळे मिटून ओढलं. सलवार दोन गच्च्यांमधल्या हवेत फुगून आली आणि अर्ध्या वाटेत गल्लीवर लोंबकळत राहिली. खालून जाणारे लोक थांबले.

"असमा," पलीकडच्या कठड्यावरून फखरूआपाचा अगदी गोड आवाज आला, "शिकताहेत वाटतं भाई? शिकू दे. कमालनाही पहिल्यांदा जड गेलं. पण त्यांनी कधी बायकांचे कपडे नाही धरले हो."

असमाने सलवार धुऊन, इस्त्री करून परत केली. इस्त्री करताना ती थोडी जळली. मुद्दाम नाही. पण खूप वाईटही वाटलं नाही.

मग पोलीस आला. गच्चीवर एक हिंदी माणूस रोज संध्याकाळी लांब काठी आभाळात हलवतो आणि तिला तार लावलेली आहे, असं कुणीतरी कळवलं होतं. पोलिसाला वाटलं हा बिनतारी संदेश पाठवतो. अशरफने त्याला समजावलं. त्याला अरबी जेवढं येत होतं ते सगळं बाजारचं, म्हणून त्याने काठीकडे बोट दाखवून "समक" म्हटलं, म्हणजे मासा. पोलिसाने गच्ची पाहिली. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. मासा नव्हता. झाकण लावून तो "बुकरा" म्हणाला. बुकरा म्हणजे उद्या. पण सरकारी माणूस बुकरा म्हणाला की तो उद्या कुठल्याही आठवड्यातला असू शकतो. ठाण्याच्या तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला अंमलदार नव्हता, दुसऱ्या खेपेला अंमलदार होता पण काठी घरी राहिली होती, आणि तिसऱ्या खेपेला काठीसकट अशरफ अंगणात उभा राहिला. अंमलदार समोर बाकावर बसला होता, त्याच्या पुढ्यात चहाचा पेला. तो म्हणाला, करून दाखव.

भीतीने अशरफचा हात आयुष्यात पहिल्यांदा सरळ गेला. दोरी मागे गेली, ताणली, पुढे आली आणि माशी अलगद उतरून चहाच्या पेल्यात बसली. चहा हललासुद्धा नाही.

त्यानंतर तासभर अंगणात ठाण्यातले सगळे लोक आळीपाळीने दोरी टाकत होते. अशरफ घरी आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "असमा," तो म्हणाला, "माझा हात बसला." आणि कोपर बरगडीला लावून, काठी नसतानाच, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्याने दोरी टाकून दाखवली. बानू दुसऱ्या टोकाला मासा झाली. असमाला हसू आलं आणि मग का कुणास ठाऊक, डोळे पुसावे लागले.

आता राहिली माशी. माशी ज्याची त्याने बांधायची असते, विकतची चालत नाही, असं साहेबाचं म्हणणं. नमुना म्हणून त्याने एक दिली होती: बारीक गळ, त्याच्यावर दोरा, दोऱ्यात पिसं. अशरफच्या बोटांना हे जमणं शक्यच नव्हतं, त्यामुळे हे काम बानूच्या झोपेच्या वेळात असमाने अंगावर घेतलं. पिसं बाजारातल्या अकबरचाचांच्या दुकानामागच्या कोंबड्याची. दोरा मशीनचा. आणि चमक हवी म्हणून तिने ट्रंकेतली लग्नाची ओढणी काढली आणि तिच्या काठाची जर उसवली, फक्त आतल्या बाजूची, जिथे कुणाचं लक्ष जात नाही. बानू झोपायचं सोडून तिच्या गुडघ्याला टेकून बसायची. "ही माझ्या लग्नातली माशी?" ती विचारायची. "नाही गं, माझ्या लग्नातली," असमा सांगायची.

माश्या सुरेख झाल्या. नमुन्यापेक्षाही. त्या हातावर घेऊन ती वाणसामानाच्या निमित्ताने अकबरचाचांना दाखवायला गेली, कारण कौतुक करायला कुणीतरी हवंच. अकबरचाचा एके काळी रत्नागिरीहून गलबतं आणणारे तांडेल होते. आता फहाहीलच्या बाजारात डाळ, मसाला, सुकी मासळी विकत. त्यांनी माशी डोळ्यांजवळ नेली.

"हे कोण खाणार?"

"मासा, चाचा."

"पिसं? मासा काय उशी फाडायला बसलाय गो? अगो बाय, मासा नाकाने खातो. ह्याला वास कुठाय?" त्यांनी मागच्या पोत्यात हात घालून मूठभर सुकट कागदात बांधली. "ही भाज, कुट, खोबरेलात मळ आणि चोळ. मग बघ. साहेबाची ट्राउट काय, साहेबसुद्धा येईल."

यात काही गैर आहे असं असमाच्या मनात एक क्षणही आलं नाही. तिला उलट साहेब लोकांचीच दया आली. माशाला जेवायला बोलवायचं आणि पुढे पिसं ठेवायची, ही कुठली रीत? मासा झाला तरी त्याला काही चव नको? तिने सुकट खरपूस भाजली. वास गल्लीभर गेला, दोन घरांतून विचारणा झाली. खोबरेलात मळलेला तो लगदा पावडरच्या रिकाम्या डब्यात भरला, आणि माश्या एकेक करून त्यात घोळवल्या. बानू शेजारी बसून हिशेब ठेवत होती.

"हिला लावली?"

"लावली."

"हिला?"

"तिलापण."

"हिला नाही लावली."

"ती राहू दे. ती सगळ्यांत छान झाली आहे, ती ठेवणीतली."

अशरफला तिने हे सांगितलं नाही. त्याला सांगितलं असतं तर तो सरळ साहेबाला जाऊन विचारून आला असता. काही माणसांना विचारायची सवयच असते.

हिरवळीवरच्या परीक्षेची हकिगत फहाहीलमध्ये पुष्कळ दिवस पुरली. कमालभाई नव्या टोपीत आले होते, आणि त्यांची दोरी गुलाबाच्या ताटव्यात गेली ती माळ्याने कात्रीने सोडवली. अशरफने समोरच्या टायरात चहाचा पेला आहे आणि त्यामागे अंमलदार बसला आहे अशी कल्पना केली. माशी टायरात पडली. साहेबाने टाळी वाजवली. हे असमाला कळलं ते कमालभाई घरात शिरले त्या आवाजावरून, कारण भिंतीपलीकडे दार इतक्या जोराने लागलं की तिच्या फळीवरचे पेले वाजले. त्या दुपारी रीळ फिरलं नाही. शांतता होती. असमाने ती शांतता बानूला मांडीवर घेऊन पोटभर ऐकली.

"नशीब गो," दुसऱ्या दिवशी फखरूआपा टँकरच्या रांगेत म्हणाली.

"तुमचीच दुवा, आपा," असमा म्हणाली, आणि तिला त्या दिवशी जेवण गेलं.

व्हिसाच्या कचेरीत खिडकीमागच्या माणसाने लेबनॉनला जाण्याचं कारण विचारलं. अशरफ म्हणाला, मासे. त्या माणसाने मान वळवून दुसऱ्या खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर समुद्र होता, त्यात होड्या होत्या, आणि होड्यांत मासे स्पष्ट दिसत होते. "बुकरा," तो म्हणाला. साहेबाला स्वतः जाऊन सांगावं लागलं की हा माणूस वेडा नाही, माझ्याबरोबर आहे.

लेबनॉनचे डोंगर, तिथला बर्फ, विमानातल्या बाईला बानूने विचारलेले प्रश्न, हे सगळं असमाने पुढे बायकांना सांगायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी ते नीट पाहूनही घेतलं होतं. पण पोचल्या पोचल्या एक वेगळीच गोष्ट झाली. साहेबाच्या ओळखीच्या कुणाचं ते दगडी घर होतं. साहेबाने सामान उतरवलं, हात चोळले आणि आपल्या तुटक्या हिंदुस्तानीत अदबीने म्हणाला, "मिसेस अशरफ, किचन उधर है. लास्ट साल मिसेस कमाल ने बहुत अच्छा खाना बनाया. सुबह, दोपहर, रात."

असमा स्वयंपाकघरात गेली. काळी लाकडाची चूल, धुराने भरलेली. फळीवर एक डबा होता. तिने झाकण उघडलं आणि वासावरूनच ओळखलं: महाडची मसाल्याची भुकटी, दगडफूल जरुरीपेक्षा जास्त. फहाहीलमध्ये एवढं दगडफूल घालणारी एकच बाई होती.

म्हणजे काठावरची खुर्ची. हातातली कॉफी.

असमाला इतकं हसू आलं की तिने तोंडात ओढणीचा पदर धरला. हे घेऊन ती फहाहीलला परत जाणार होती, आणि पहिल्याच मौलूदला, अगदी सहज, मसाल्याच्या डब्याची गोष्ट काढणार होती. मग चूल पेटेना. ओली लाकडं, बोटं गारठलेली, बानू रडत होती, साहेबाला पाव भाजून हवा होता. संध्याकाळपर्यंत तिच्या मनगटावर एक चांगला भाजल्याचा डाग उठला. तसाच एक डाग तिने फखरूआपाच्या मनगटावर पाहिला होता. आपा म्हणाली होती, बैरूतच्या हॉटेलात इस्त्रीने भाजलं. असमा फुंकर घालत बराच वेळ त्या डब्याकडे पाहत बसली. या धुरात आठवडाभर उभं राहून परत जायचं, आणि तरीही त्यातून एक खुर्ची तयार करायची. तेही सोपं काम नाही.

दुसऱ्या दिवशी लवकर स्वयंपाक आवरून, बानूला घरातले सगळे कपडे एकावर एक घालून, ती नदीवर गेली.  एवढं गोडं पाणी, कुणी न भरता, कुणी न मोजता, दगडांवरून नुसतं चाललं होतं. तिला वाटलं आपण घागर आणायला हवी होती.

अशरफ साहेबाच्या जुन्या रबरी विजारीत उभा होता. विजार त्याच्या छातीपर्यंत आली होती, वर मफलर, त्यावर थंडीने निळं झालेलं नाक. पण हात. कोपर बरगडीला, दोरी मागे, ताण, पुढे. माशी पाण्यावर उतरली आणि पाणी फुटलं.

मासा आला. मग दुसरा. दोरी टाकायची उसंत नाही असे मासे येऊ लागले. नदीत काठाला बांधलेली साहेबाची जाळीची पिशवी भरून तळमळायला लागली, आणि वरच्या अंगाला उभ्या असलेल्या साहेबाला सकाळपासून एक मासा नव्हता. बानू काठावर उड्या मारत होती. अशरफ प्रत्येक माशानंतर मागे वळून असमाकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे तिने लग्नात, बानू झाली तेव्हा, पगार वाढला तेव्हाही पाहिलं नव्हतं. हा माणूस देखणा आहे, असं तिला इतक्या वर्षांनी वाटलं. याच चेहऱ्याचा फोटो. दारातून शिरताच दिसेल असा.

साहेब पाणी तुडवत खाली आला. त्याने अशरफच्या खांद्यावर हात ठेवला. "अशरफ, मैं बीस साल से करता हूँ. ऐसा हाथ नहीं देखा." मग त्याने गळ्यातला कॅमेरा काढला. असमाने बानूचं नाक पुसलं, स्वतःची ओढणी सारखी केली.

"फोटो लेंगे," साहेब म्हणाला. "पहले वो मक्खी दिखाओ."

त्याने माशी हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली, जरीची चमक पाहून मान डोलावली. मग थांबला. मग ती नाकाजवळ नेली.

साहेबाने आपली सगळी नोकरी कोकणातल्या कारकुनांबरोबर काढली होती. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या खात्यात जे डबे उघडायचे त्यांचा वास त्याला पाठ होता. त्याने माशी अशरफच्या नाकापुढे धरली. साहेबाच्या लेखी या खेळात माशाला फक्त डोळ्याने फसवायचं असतं. वास लावणं म्हणजे पत्त्यांत पान लपवणं.

अशरफने वास घेतला, आणि हळूच मान वळवून असमाकडे पाहिलं. असमाने बर्फाकडे पाहिलं. बर्फाकडे पाहण्यासारखं काही नव्हतं, पण ती पाहत राहिली.

"माझी चूक, सर," अशरफ म्हणाला.

साहेबाने कॅमेऱ्याचं झाकण लावलं. वाकून जाळीची पिशवी उघडली आणि एकेक मासा पाण्यात सोडून दिला. रागावला असेल, पण इंग्रज माणूस फार रागावला की हवेबद्दल बोलतो. "आज बरफ गिरेगा," तो म्हणाला, आणि वरच्या अंगाला निघून गेला.

पुढचे दिवस अशरफने साहेबाचं जाळं धरलं. असमाने सकाळ, दुपार, रात्र स्वयंपाक केला. ती वाट पाहत होती की तो ओरडेल. ओरडला असता तर तिनेही दोन शब्द ऐकवले असते आणि प्रकरण मिटलं असतं. परतीच्या विमानात, बानू दोघांच्या मध्ये झोपलेली असताना, तो तिच्या डोक्यावरून खिडकीबाहेर पाहत एवढंच म्हणाला, "मला वाटलं, माझ्या हाताने येताहेत."

असमाने त्याचा हात धरला. त्याने सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

साहेबाने फहाहीलला कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. पण तिकडे गाडी हाकायला ठेवलेला मेहबूब मालवणकडचा निघाला होता, आणि त्याने काठावरच्या रस्त्यावरून मासे पाहिले होते, माशी नाही. त्याचा भाऊ फहाहीलमध्ये. त्यामुळे असमाची ट्रंक उघडण्याआधी गल्लीला ठाऊक होतं की अशरफने पिशवी भरून ट्राउट काढली आणि थोर मनाने सगळी परत सोडली. लोक अशरफला वाटेत थांबवून हात मिळवत. तो कसनुसा हसे, आणि लोक म्हणत, किती साधा माणूस.

तिसऱ्या दुपारी दारावर टकटक झाली. फखरूआपा होती, हातात शिरखुर्म्याचा वाडगा. ईद नव्हती. ती बसली, बानूच्या गालाला हात लावला, खोलीच्या भिंतीवर नजर फिरवली. फोटो नव्हता. तिने विचारलं नाही.

"कमालना झोप नाही गो," ती शेवटी म्हणाली. "तोंडाने बोलत नाहीत. काल ते फोटोतला मासा मोजत होते, बोटांनी. पुढच्या हिवाळ्यात साहेब पुन्हा त्यांनाच नेणार म्हणतोय. मी म्हटलं, असमाला विचारते. तू बांधलेल्यातली एक दे. आणि काय करतेस ते सांग. लोक म्हणतात तू काहीतरी करतेस."

असमाने तिच्याकडे पाहिलं. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. वर्षभर रोज तिने तो आपल्याच आरशात पाहिला होता: जेवण न गेलेला, झोप न लागलेला, गोड बोलणारा. आज तो भिंतीपलीकडून तिच्या घरी चालत आला होता. याच दिवसासाठी तिने ओढणी उसवली होती.

ती उठून फळीपाशी गेली. पावडरचा डबा तिथेच होता. एक चिमूट. जास्त नको, एक चिमूट, आणि पुढच्या हिवाळ्यात कोलमन साहेबाचं नाक. मग त्या भिंतीवरचा फोटोही उतरेल, आणि मग कोण कुणाला काय सांगेल. तिचं बोट झाकणावर होतं. मनगटावरचा डाग अजून खपली धरत होता. मागे फखरूआपा वाडगा मांडीवर घेऊन बसली होती, बाही मनगटापर्यंत नीट ओढून.

असमाने डबा मागे सरकवला. शेजारच्या पेटीतून ती ठेवणीतली माशी काढली, सगळ्यांत सुरेख, लग्नाच्या जरीची, कोरी, आणि आपाच्या तळहातावर ठेवली. मसाल्याच्या डब्याबद्दल ती काही बोलली नाही.

फखरूआपाने माशी उलटीपालटी करून पाहिली. "आणि हिला लावतेस काय?"

"काही नाही, आपा. हाताचं काम आहे. भाईंना म्हणावं, कोपर बरगडीला."

आणि हे म्हणताना असमाला आतून इतकं हलकं वाटलं, इतकं मोठं वाटलं, की या हिवाळ्यात पहिल्यांदाच तिला फखरूआपा आवडली. आपाचेही डोळे भरून आले होते. तिने माशी रुमालात बांधली आणि असमाचा हात हातात घेतला.

बानू आतल्या दारात उभी होती, डोळे चोळत, केस विस्कटलेले. ती जवळ आली, आपाच्या मांडीवर रेलली, रुमालाची गाठ सोडली, माशी नाकाशी नेऊन हुंगली. मग तिने आईकडे पाहिलं.

"अम्मी," ती म्हणाली, "खालाच्या माशीला सुकट का नाही लावली?"